गाडीचे तारे आणि रस्त्यावरची जोखीम

चेन्नईच्या दक्षिणेला शोळिंगनल्लूरच्या चौकात जुना महाबलीपुरम रस्ता, म्हणजे सर्वांच्या तोंडचा ओएमआर, पूर्वेकडून समुद्रकिनाऱ्यालगतच्या ईसीआर रस्त्याकडून येणाऱ्या आणि पश्चिमेकडून मेडवाक्कमहून येणाऱ्या वाहतुकीला भेटतो. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बसगाड्या, पाण्याचे टँकर, रिक्षा, असंख्य दुचाकी आणि नव्या कोऱ्या मोटारी या एकाच चौकातून जातात. भर म्हणून मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचे कामही याच रस्त्यावर चालले आहे. या परिसरात राहणाऱ्या आणि गाडी घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांच्या बोलण्यात गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न आला आहे. त्यात नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून आलेली मराठी कुटुंबेही आहेत. तो प्रश्न असा : ‘गाडीला तारे किती?’

हा प्रश्न विचारला जाऊ लागला, ही चांगली गोष्ट आहे. दहा वर्षांपूर्वी भारतात तो जवळजवळ कोणी विचारत नसे. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर ग्राहकाला हवे असते आणि ज्या प्रश्नाचे उत्तर तारे देतात, ते दोन प्रश्न एक नाहीत. ‘या गाडीने रोज प्रवास केला, तर आपल्या माणसांना गंभीर इजा होण्याची शक्यता किती?’ हे ग्राहकाला जाणून घ्यायचे असते. ‘एका ठरावीक वेगाने, ठरावीक अडथळ्यावर, ठरावीक बांध्याच्या डमीसह ही गाडी आदळली, तर डमीवर किती बल पडते?’ याचे उत्तर तारे देतात. दुसऱ्या उत्तरावरून पहिल्याकडे जाता येते, पण त्यासाठी प्रयोगशाळेतील मोजमापे प्रत्यक्ष अपघातांतील जखमांशी जोडून पाहावी लागतात. हे जोडकाम भारतात अद्याप पद्धतशीरपणे आणि उघडपणे होत नाही. ते झाले पाहिजे, आणि त्याची सुरुवात चेन्नईत करणे सर्वांत सोपे आहे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी चाचणी काय मोजते ते पाहू. ‘भारत एनकॅप’ हा कार्यक्रम २२ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झाला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाला. त्याचे मानक एआयएस-१९७ या क्रमांकाने ओळखले जाते. समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका दबणाऱ्या अडथळ्यावर आदळवली जाते. गाडीच्या रुंदीचा केवळ ४० टक्के भाग अडथळ्याला भिडतो. बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी ताशी ५० किलोमीटरला, तर खांबावर आडवे आदळण्याची चाचणी ताशी २९ किलोमीटरला होते. प्रौढांच्या संरक्षणासाठी ३२ आणि मुलांच्या संरक्षणासाठी ४९ गुण असतात.

समोरच्या धडकेत पुढील आसनांवर ‘हायब्रिड-३’ जातीचे डमी बसवतात. त्यांची उंची सुमारे १७५ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ७८ किलो असते. १९७०च्या दशकातील सरासरी अमेरिकन पुरुषावरून त्यांचे प्रमाण ठरले. डमीच्या डोक्यात त्वरणमापक असतात, छातीत फासळ्या किती दबल्या ते मोजणारी साधने असतात, मांडीच्या हाडात बलमापक असतात. धडक संपूर्ण होण्यास सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात हजारो नोंदी गोळा होतात.

त्या नोंदी म्हणजे जखम नव्हे, कारण डमीला जखम होत नाही. नोंदीवरून जखमेचा अंदाज बांधण्यासाठी एक वक्र वापरतात. डोक्याच्या इजेसाठी वापरला जाणारा ‘एचआयसी’ हा निर्देशांक हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अमेरिकेतील वेन स्टेट विद्यापीठात विसाव्या शतकाच्या मध्याला मृतदेहांवर आणि प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांतून असे दिसले, की डोके किती मोठा धक्का सोसू शकते हे केवळ धक्क्याच्या तीव्रतेवर नव्हे, तर तो किती वेळ टिकतो यावरही अवलंबून असते. त्यातूनच पुढे एचआयसीची व्याख्या झाली. सामान्यपणे वापरल्या जाणाऱ्या वक्रानुसार एचआयसी १००० असेल, तर सरासरी प्रौढाला डोक्याची अतिगंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे १८ टक्के धरतात. म्हणजे १००० ही सुरक्षित आणि असुरक्षित यांना विभागणारी भिंत नाही. ९०० ला शक्यता थोडी कमी, ११०० ला थोडी जास्त, इतकेच. गुणपत्रिकेत मात्र या शक्यता प्रथम गुणांत, आणि मग गुण ताऱ्यांत बदलतात. प्रत्येक पायरीवर थोडी माहिती गळते. शेवटी जाहिरातीत उरतो तो फक्त ताऱ्यांचा आकडा.

यापुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. वक्रावरून मिळालेली शक्यता सशर्त असते : ‘अशी धडक झाली तर’. रस्त्यावर मात्र धडका अनेक प्रकारच्या होतात. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी ९० किलोमीटरला ती ताशी ६४ च्या जवळजवळ दुप्पट असते. ६४ साठी घडवलेला पुढचा भाग ही जादा ऊर्जा शोषून घेईलच, असे कोणत्याही चाचणीत तपासलेले नसते.

वस्तुमानाचेही तसेच. अचल अडथळ्यावरची ही चाचणी साधारणपणे आपल्याच वजनाच्या गाडीशी होणाऱ्या समोरासमोरच्या टकरीसारखी असते. ९०० किलोची आणि १८०० किलोची अशा दोन गाड्या प्रत्येकी ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमानुसार हलक्या गाडीच्या वेगात सुमारे ६७ किलोमीटरचा बदल होतो, जड गाडीच्या वेगात सुमारे ३३ चा. दोन्ही गाड्यांना पाच तारे असले, तरी त्यांच्यातील माणसांना बसणारा धक्का सारखा नसतो. म्हणून ताऱ्यांची तुलना साधारण एकाच वजनगटातील गाड्यांमध्ये करावी, असे चाचणी घेणाऱ्या संस्था स्वतःच सांगतात. युरोपात २०२० पासून स्थिर अडथळ्याच्या जागी १४०० किलोचा चालता अडथळा आणून या उणिवेवर काही प्रमाणात उपाय केला गेला.

तिसरी गोष्ट म्हणजे समोर काय आहे. ओएमआरवर पहाटे कडेला थांबलेल्या टँकरच्या मागच्या भागात मोटार घुसली, तर चाचणीत मोजलेला बंपर आणि त्यामागचे पोलादी दांडे टँकरच्या खालून निघून जातात आणि पहिला मार समोरच्या काचेच्या उंचीवर बसतो. अशा धडकेत गाडीला किती तारे आहेत यापेक्षा टँकरच्या मागे मजबूत संरक्षक दांडा आहे की नाही, याला अधिक महत्त्व असते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जे. पी. रिसर्च इंडिया या संस्थेच्या तपासनिसांनी अपघातस्थळी जाऊन नोंदी घेतल्या, तेव्हा इजेच्या प्रमुख कारणांत दोन गोष्टी पुढे आल्या : सीट बेल्ट न लावणे आणि जड वाहनाखाली घुसल्याने प्रवाशांची जागाच चेपली जाणे. पहिल्या कारणावर गाडीचा कारखाना थोडेच करू शकतो, आणि दुसऱ्याची चाचणी होत नाही.

तर मग तारे निरुपयोगी आहेत काय? मुळीच नाहीत, आणि याचा पुरावा प्रयोगशाळेतून नव्हे, रस्त्यावरूनच आला आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१० साली प्रत्यक्ष अपघातांच्या नोंदी घेऊन दोन ताऱ्यांच्या आणि पाच ताऱ्यांच्या गाड्यांची तुलना केली. पाच ताऱ्यांच्या गाड्यांत मृत्यूची जोखीम सुमारे ६८ टक्क्यांनी, गंभीर इजेची सुमारे २३ टक्क्यांनी आणि कोणत्याही इजेची सुमारे १० टक्क्यांनी कमी आढळली. हे तीन आकडे एकत्र वाचायला हवेत. ताऱ्यांचा लाभ जीवघेण्या अपघातांत सर्वांत मोठा आहे; किरकोळ दुखापतींत तो थोडाच आहे. चाचणी ज्यासाठी रचली, तेच ती करते, असा याचा अर्थ.

अशा तुलनेवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. पाच ताऱ्यांची गाडी घेणारा माणूस कदाचित मुळातच सावध असेल, किंवा अधिक चांगल्या रस्त्यांवर फिरत असेल. मग श्रेय गाडीचे की चालकाचे? यावर उत्तर शोधताना संशोधकांनी एकाच अपघातातील दोन पक्षांची तुलना करण्याची युक्ती वापरली. दोन गाड्यांची टक्कर एकच. वेळ, रस्ता, पाऊस सारे समान. मग कोणत्या गाडीतील माणसाला अधिक इजा झाली? जनरल मोटर्समध्ये काम केलेले आणि मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेले लिओनार्ड इव्हान्स यांनी १९८६ मध्ये अशाच विचारावर आधारलेली ‘दुहेरी जोडी तुलना’ मांडली. या पद्धतींना फार मोठा खर्च येत नाही. त्यांना लागते ती एकच गोष्ट : प्रत्येक अपघाताची, प्रत्येक वाहनाची आणि प्रत्येक जखमेची विश्वासार्ह, एकमेकींशी जोडलेली नोंद.

भारतात हीच नोंद नाही, आणि परक्या देशांचे आकडे उसने घेऊन ती उणीव भरून निघत नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होती आणि १९.५ टक्के पायी चालणारी होती. मोटार, टॅक्सी, व्हॅन यांसारख्या हलक्या वाहनांतील प्रवाशांचा वाटा सुमारे साडेबारा टक्के होता. म्हणजे ज्यांच्यासाठी डमी बसवला जातो, ते एकूण मृतांचा सुमारे आठवा भाग आहेत. त्याच वर्षी सीट बेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू नोंदला गेला आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे चालक नव्हे, तर प्रवासी होते. चाचणीतील डमी मात्र नेहमी बेल्ट लावूनच बसतो.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघाताने हाच फरक साऱ्या महाराष्ट्रासमोर आणला. उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागील आसनांवरील दोघे त्यात दगावले. पुढील दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागील दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी नावाजलेली होती आणि तिच्या प्रकाराला युरोपात पाच तारे मिळालेले होते. एका अपघातावरून नियम काढता येत नाही. तरीही ताऱ्यांमागची अट कोणती असते, हे त्या घटनेने स्पष्ट केले.

डमी कोणासारखा नाही, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील अपघातांच्या नोंदींवरून व्हर्जिनिया विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले, की तुल्य धडकेत बेल्ट लावलेल्या स्त्री-चालकाला गंभीर इजा होण्याची संभाव्यता पुरुष-चालकाहून ४७ टक्के अधिक होती. हे चाचणीतून कळले नाही. रस्त्यावरच्या नोंदींतून कळले. त्यानंतर २०२२ मध्ये स्वीडनमध्ये अॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने सरासरी स्त्रीच्या बांध्याचा डमी तयार करून दाखवला. क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे : आधी नोंद, मग प्रश्न, मग नवे उपकरण. शोळिंगनल्लूरच्या कार्यालयांत गाडीने ये-जा करणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांच्या जोखमीचा भारतीय आकडा नोंदींविना निघणार नाही.

मग अडचण नेमकी कुठे आहे? माहिती गोळाच होत नाही, असे नाही. ती तीन ठिकाणी पडून आहे, आणि ही तिन्ही ठिकाणे शोळिंगनल्लूरपासून दूर नाहीत.

पहिले ठिकाण म्हणजे प्रयोगशाळा. वंडलूरमार्गे पश्चिमेला गेल्यावर लागणाऱ्या ओरगडम येथे ‘जीएआरसी’ हे राष्ट्रीय वाहन-चाचणी केंद्र आहे. आसपासचा सारा पट्टा मोटार-कारखान्यांचा आहे. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ने प्रथमच ज्या पाच भारतीय मोटारींचे निकाल जाहीर केले आणि ज्यांना प्रौढ-संरक्षणात शून्य तारे मिळाले, त्यांतील फोर्ड फिगो मरैमलै नगरला आणि ह्युंदाई आय-१० श्रीपेरुंबुदूर परिसरात तयार होत असे. त्या निकालांनंतर नियम कडक झाले आणि डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन ही पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची मोटार ठरली. मोजून जाहीर केले, की कारखाने बदलतात, हा धडा याच मातीतला आहे.

दुसरे ठिकाण पोलिसांची नोंद. अपघाताची माहिती अंकीय स्वरूपात भरण्यासाठी असलेली ‘ईडीएआर’ प्रणाली आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र यांनी मिळून उभी केली. अपघाताची जागा, वाहनाचा क्रमांक, छायाचित्रे हे सारे तिच्यात येते. परंतु इजेची नोंद कायद्याच्या भाषेत होते : ‘साधी’ किंवा ‘गंभीर’. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड मोडणे ही गंभीर दुखापत आहे. बोटाचे हाड मोडले तरी गंभीर, कवटी फुटली तरी गंभीर. खटल्यासाठी ही विभागणी पुरेशी असेल. इजेच्या वक्रासाठी ती निरुपयोगी आहे. वैद्यकात १९७१ पासून इजेच्या तीव्रतेची सहा पायऱ्यांची श्रेणी वापरली जाते. योगायोग असा, की तिचेही संक्षिप्त नाव वाहन-मानकांप्रमाणेच एआयएस आहे. एकाच नावाची ही दोन मोजमापे भारतात अजून एकमेकांना भेटलेली नाहीत.

तिसरे ठिकाण रुग्णालय. तमिळनाडू सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘इन्नुयिर काप्पोम’ योजनेत अपघातग्रस्ताला पहिले ४८ तास मोफत उपचार मिळतात. मे २०२५ मध्ये केंद्रानेही देशभरासाठी दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तिच्यासाठी ईडीएआर आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाची देयक-प्रणाली एकमेकींना जोडण्याची व्यवस्था आखली गेली. म्हणजे रुग्णालयाचे बिल चुकते करण्यासाठी अपघात आणि रुग्ण यांची सांगड घालण्याचा मार्ग उघडला आहे. त्याच मार्गाने जखमेची श्रेणी पाठवली, तर ज्ञानही मिळेल. यासाठी नवे खाते नको. रुग्णालयाच्या अर्जात एक रकाना आणि तो भरण्याचे प्रशिक्षण हवे.

एवढे झाले, की वाहनक्रमांकावरून गाडीचा प्रकार कळेल, प्रकारावरून तिचे चाचणीतील आकडे मिळतील आणि जखमेच्या श्रेणीशी त्यांची तुलना करता येईल. चाचणीने वर्तवलेली जोखीम आणि प्रत्यक्ष आढळलेली जोखीम शेजारी शेजारी मांडता येतील. जिथे दोन्ही जुळतील, तिथे चाचणीवरचा विश्वास वाढेल. जिथे जुळणार नाहीत, तिथे चाचणी बदलावी लागेल.

यावर तीन हरकती अपेक्षित आहेत. पहिली खासगीपणाची. ती खरी आहे; परंतु संशोधकाला नाव, पत्ता किंवा वाहनक्रमांक लागत नाही. जोडणी झाल्यावर ओळख पुसलेली नोंद पुरते. दुसरी हरकत उद्योगाची : कच्चे आकडे उघड झाले, तर गैरसमज पसरतील. गैरसमज आजही आहेतच, कारण जाहिरातीत फक्त तारे दिसतात. तिसरी हरकत, असे काम भारतात आधीच होते, ही. काही प्रमाणात ते खरे आहे. ‘रस्सी’ हा सखोल अपघात-नोंदींचा संग्रह २०११ पासून चालू आहे आणि त्याचे काम मोलाचे आहे. पण तो मुख्यतः सदस्य-कंपन्यांच्या पाठबळावर उभा आहे. सार्वजनिक रस्त्यावर नागरिकांना झालेल्या जखमांतून मिळणारे ज्ञान नागरिकांसाठी खुले असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

भारत एनकॅपच्या दुसऱ्या टप्प्याच्या मसुद्यात पादचारी आणि दुचाकीस्वार यांच्या रक्षणाला स्वतंत्र गुण देण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये पुढे आला, हे स्वागतार्ह आहे. मात्र त्या गुणांना किती वजन द्यावे, हे युरोपचा तक्ता पाहून ठरवायचे की ओएमआर आणि मुंबई–पुणे मार्गावरील जखमा पाहून, हा निर्णय अजून घेता येण्यासारखा आहे.

तोवर गाडी घेणाऱ्याने काही गोष्टी पाळाव्यात. ताऱ्यांची तुलना एकाच वजनगटात करावी. तारे कोणत्या वर्षीच्या नियमांनुसार मिळाले ते पाहावे. मुलांच्या संरक्षणाचे गुण वेगळे वाचावेत. मागच्या आसनावरही बेल्ट लावावा. तो नसेल, तर चाचणीतील आकडे त्या प्रवाशाला लागू पडत नाहीत. आणि वेग ६४ च्या पुढे गेला, की मोजलेल्या प्रदेशाची हद्द ओलांडली, हे समजून चालवावे.

शासनाने करायची गोष्ट याहून लहान आहे. भारत एनकॅपच्या वार्षिक निकालांसोबत एक तक्ता प्रसिद्ध व्हावा : कोणत्या ताऱ्यांच्या गाड्यांत, कोणत्या प्रकारच्या अपघातांत, प्रत्यक्षात किती माणसांना कोणत्या श्रेणीची इजा झाली. चाचणी केंद्र, नोंद-प्रणाली आणि रुग्णालये एकाच शहराच्या परिघात असल्यामुळे पहिला तक्ता चेन्नईचा असू शकतो, दुसरा पुण्याचा. तो हाती येईल, तेव्हा ‘गाडीला तारे किती?’ या प्रश्नाला पूर्ण उत्तर मिळू लागेल.